फुल्ल चार्ज करून कपाटात ठेवलेला लॅपटॉप

पत्र:

मी अकोला जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. निकालपत्रकं आणि शाळेची ऑनलाइन माहिती भरण्याचं काम माझ्याकडे असल्यामुळे तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या पैशानं लॅपटॉप घेतला. सुरुवातीला चार-पाच तास चालायचा. आता कधी तासभर टिकतो, तर कधी चाळीस टक्के दिसत असतानाच लाइट गेली की धाडकन बंद पडतो. परवा असंच झालं आणि घटक चाचणीच्या गुणांची फाइल पुन्हा उघडेना. भाचा म्हणतो, शंभर टक्के झालं की चार्जर काढलाच पाहिजे, नाहीतर बॅटरी जळते. दीर म्हणतात, दर वेळी शून्यावर आणून मगच चार्जिंगला लाव. दोघांचं ऐकते, तरी ही गत. उन्हाळ्याच्या सुट्टीत फुल्ल चार्ज करून, टॉवेलमध्ये गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवला होता. जूनअखेर काढला तेव्हापासून जास्तच बिघडला. हँग झाला की बटण दाबून बंद करते, ते चालतं का? रोज बंद करावा की नुसतं झाकण लावावं? शाळेतल्या कॉम्प्युटरचं तर विचारूच नका, शाळा सुटली की शिपाईमामा थेट मेन स्विच बंद करतात.

ता. क. माउसच्या पट्टीचं डावं बटण हल्ली नीट दाबलं जात नाही आणि झाकण लावल्यावर पुढून बारीक फट राहते. त्याचा बॅटरीशी काही संबंध असेल का?

उत्तर:

ताई, आधी तुमच्या ताज्या कलमाबद्दल. बाकीचे प्रश्न चार दिवस थांबले तरी चालतील, हा थांबणार नाही.

हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये बॅटरी चपट्या पाकिटासारखी असते आणि आपण मनगटं टेकवतो त्या भागाखाली, टचपॅडला, म्हणजे तुमच्या माउसच्या पट्टीला, लागूनच बसवलेली असते. ती फुगली की टचपॅडला खालून रेटते. मग बटण दाबायला जागाच उरत नाही, वरचं प्लास्टिक उचललं जातं आणि झाकण पुरतं मिटत नाही. तुम्ही लिहिलेली दोन्ही लक्षणं हीच आहेत. खात्री करायची असेल तर बंद लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून बाजूनं बघा. तळ मध्येच फुगीर दिसला, किंवा एका कोपऱ्यावर बोट ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगला, तर शंका धरायला जागा नाही.

हे वाचताना तो चालू असेल तर हातातलं काम सेव्ह करा, शट डाउन करा, चार्जर काढा आणि पुन्हा लावू नका. फाइली पेन ड्राइव्हवर घ्यायच्या राहिल्यात म्हणूनसुद्धा नाही. तुमच्या फाइली डिस्कवर आहेत आणि डिस्क बॅटरीपासून वेगळी असते. दुरुस्ती करणारा बॅटरी काढून ठेवेल आणि मग त्या निवांत उतरवून घेता येतील. फट मिटवण्यासाठी झाकण दाबू नका, वर वजन ठेवू नका. आत साचलेला वायू पेट घेणारा असतो. पाकीट दाबलं गेलं किंवा त्याला टोक लागलं तर आतले थर एकमेकांना चिकटून शॉर्ट होतात आणि बॅटरी पेटते. म्हणून घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसायचं नाही, भाच्यालाही बसू द्यायचं नाही. नेईपर्यंत तो फरशीवर ठेवा, जवळ गादी, पडदा, वह्यांचे गठ्ठे नकोत. सकाळी ऊन चढायच्या आत स्वतः सर्व्हिस सेंटरला घेऊन जा. स्कूटरच्या डिकीत टाकू नका आणि कुरिअरनं तर अजिबात पाठवू नका. वाटेत किंवा घरात तो तापायला लागला, गोडसर उग्र वास आला किंवा धूर दिसला, तर त्याला हात न लावता लांब व्हा आणि १०१ ला फोन करा.

प्रत्येक फुगलेली बॅटरी पेटतेच असं नाही, बहुतेक पेटत नाहीत. पण कोणती पेटेल हे बाहेरून बघून सांगता येत नाही, म्हणून इतक्या ठामपणे लिहितोय.

आता ती फुगली कशामुळे? तुम्ही हयगय केली म्हणून नाही. उलट तुम्ही जीव लावून जपलीत, फक्त ज्यांनी सल्ला दिला त्यांनी भलत्याच गोष्टीपासून जपायला सांगितलं. लिथियम-आयन बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे. पूर्ण भरलेल्या अवस्थेत तिला उष्णता लागली तर नुकसान सगळ्यात जास्त. भरलेल्या सेलचा, म्हणजे बॅटरीतल्या एका कप्प्याचा, विजेचा दाब सुमारे ४.२ व्होल्ट असतो, निम्म्या भरलेल्याचा ३.७ च्या आसपास. दाब जितका जास्त तितकी आतल्या द्रावणाची मोडतोड जास्त, आणि तापमान वाढलं की ती मोडतोड आणखी वेग घेते. तिच्यातूनच तो वायू तयार होतो. बॅटरी ४० अंशांत वर्षभर पूर्ण भरलेली पडून राहिली तर ढोबळमानानं तिची एक तृतीयांश क्षमता कायमची जाते. तेवढ्याच उष्णतेत ४० टक्के भरून ठेवली तर सुमारे १५ टक्के जाते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ वर जातो. त्यात बंद घर, लोखंडी कपाट, वर टॉवेल, आणि आत शंभर टक्के भरलेली बॅटरी. आणि विदर्भातल्या शाळा तर उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात, म्हणजे तेवढे जास्तीचे दिवस लॅपटॉप त्या कपाटात होता.

पुढच्या सुट्टीत ठेवताना बॅटरी पन्नास टक्क्यांच्या आसपास असू द्या, लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, खालच्या फडताळात ठेवा. महिन्यातून एकदा काढून बघा. वीसच्या खाली गेली असेल तर पुन्हा पन्नासपर्यंत भरा.

दिरांचा सल्ला एकेकाळी बरोबर होता. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अर्धवट उतरवून पुन्हा पुन्हा भरल्या की त्यांची क्षमता घटल्यासारखी व्हायची, म्हणून त्या पूर्ण उतरवायला सांगत. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीनं बाजारात आणली आणि तिला ही खोड नाही. उलट रोज शून्यावर नेल्यानं ती लवकर थकते. वीस-पंचवीस टक्के उरले की चार्जर लावावा, मधेच साठला लावला, सत्तरला काढला, तरी काही बिघडत नाही. चार्जिंगच्या सायकली मोजतात त्याही शंभर टक्क्यांच्या हिशेबानं. आज अर्धी वापरलीत, उद्या अर्धी, की मिळून एक सायकल होते. साध्या लॅपटॉपच्या बॅटरीकडून अशा तीनशे ते पाचशे सायकली धरायच्या, त्यानंतर ती मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांवर उतरते. रोज शून्यावर नेणारा माणूस रोज एक पूर्ण सायकल खर्च करतो.

भाच्याच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. चार्जर लावून ठेवला म्हणून बॅटरी जळत नाही. शंभर झालं की आतलं सर्किट बॅटरीत वीज सोडणं थांबवतं आणि लॅपटॉप थेट चार्जरवर चालतो. पण बॅटरी त्या ४.२ व्होल्टवर तासन् तास बसून राहते आणि शेजारी प्रोसेसरची गरमी असते, तो त्रास खरा आहे. त्यासाठी रात्री उठून प्लग काढत बसायची गरज नाही. भरण्याची मर्यादाच ऐंशी टक्क्यांवर बांधून टाका. लेनोव्होत व्हँटेज नावाच्या ॲपमध्ये कन्झर्व्हेशन मोड असतो, आसूसमध्ये मायआसूस ॲपमध्ये बॅटरीचा विभाग असतो, डेल आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत ही सोय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, असते. तुमचा कोणता आहे ते लिहिलं नाहीत, तेव्हा सर्व्हिस सेंटरमध्ये समोर बसूनच ती चालू करून घ्या. एकदा केली की चार्जर दिवसभर लावून खुशाल काम करा. परीक्षेच्या ड्युटीसाठी किंवा प्रशिक्षणाला बाहेर जायचं असेल त्याच्या आदल्या रात्री तेवढी मर्यादा काढा आणि पूर्ण भरा.

मांडीवर उशी घेऊन लॅपटॉप वापरत असाल तर ते सोडा. तळाच्या जाळ्या बुजतात आणि आतली गरम हवा आतच फिरते. टेबल नसेल तर पोळपाटसुद्धा चालेल, पण खाली काहीतरी टणक हवं. उन्हाळ्यात त्याला कूलरच्या थेट झोतात ठेवण्याचा मोह होतो, तोही टाळा. त्या हवेत ओल असते, कधी पाण्याचे तुषारही येतात. कूलर खोली थंड करू दे, लॅपटॉप बाजूला राहू दे.

नवी बॅटरी घेताना घाई करू नका. जुन्या बॅटरीच्या लेबलवर पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॅट-अवर लिहिलेले असतात. ते तिन्ही नव्या बॅटरीशी जुळवून बघा. भारतात विकायच्या लिथियम बॅटऱ्यांना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे आणि तो नंबर लेबलवर असतो. तो नसेल तर कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नका. बिल घ्या. जुनी बॅटरी मात्र घरी आणू नका आणि घंटागाडीत तर मुळीच टाकू नका, कारण कचऱ्याच्या गाडीत ती चेपली जाते आणि तिथेच आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्यांवर आहे, म्हणून ती सर्व्हिस सेंटरकडेच द्या.

बॅटरी बसवली की दुकानातून उठण्याआधी एक काम करा. स्टार्टच्या चिन्हावर माउसचं उजवं बटण दाबून टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा आणि तंत्रज्ञाला सांगा, बॅटरी रिपोर्ट काढून दाखवा. एका ओळीची आज्ञा आहे, कुठल्याही तंत्रज्ञाला पाठ असते. जी फाइल तयार होते तिच्यात डिझाइन कपॅसिटी (मूळ क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आज पूर्ण भरल्यावर मावते तेवढी) असे दोन आकडे असतात. समजा पहिला ४१,००० मिलिवॅट-अवर आहे, तर नव्या बॅटरीत दुसराही त्याच्या जवळपास हवा. तो २९,००० दिसला तर तुमच्या हाती वापरलेला किंवा वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल आलाय. सायकल काउंट हा तिसरा आकडा काही मॉडेलांत दिसतो, तोही शून्याच्या आसपास असायला हवा. पुढे दर सहा महिन्यांनी हा रिपोर्ट काढलात तर बॅटरी किती उतरली ते नेमकं कळेल, टक्क्यांच्या आकड्यावर विसंबावं लागणार नाही.

तुमचा लॅपटॉप चाळीस टक्के दाखवून धाडकन बंद पडतो, त्याचंही कारण ही थकलेली बॅटरीच. टक्के हा लॅपटॉपचा अंदाज असतो. बॅटरी म्हातारी झाली की लाइट जाताच सगळा भार एकदम तिच्यावर येतो, तिचा दाब कोसळतो, आणि चाळीसचा आकडा पडद्यावर तसाच असताना मशीन बंद होतं.

आणि गुणांच्या फाइलचं नुकसान इथूनच सुरू झालं. आपण सेव्ह म्हणतो तेव्हा मजकूर त्याच क्षणी सगळाच्या सगळा डिस्कवर उतरतो असं नाही. काही भाग मेमरीत असतो आणि थोड्या वेळानं लिहिला जातो. शट डाउन म्हटलं की विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमला आवरायला सांगतं, उरलेलं लिहून काढतं, डिस्कला कळवतं आणि मग वीज तोडतं. या कामाला काही सेकंद लागतात. लाइट गेल्यावर धाडकन बंद झालेल्या लॅपटॉपला ते सेकंद मिळतच नाहीत. डिस्कवरच्या फाइलींची नोंदवही विंडोज बहुधा सावरून घेतं, पण जी फाइल त्या क्षणी लिहिली जात होती तिचा मजकूर अर्धवट राहू शकतो. चांगली बॅटरी असलेला लॅपटॉप म्हणजे स्वतःचा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर थोडा वेळ वीज पुरवणारा डबा, घेऊन फिरणारं मशीन. तुमच्या भागात वीज जशी येते-जाते, त्यात बॅटरी हीच तुमच्या निकालपत्रकाची राखणदार आहे, तास किती चालते हा नंतरचा प्रश्न. गेलेल्या फाइलीसाठी एक्सेलमध्ये फाइल उघडताना ओपनच्या बाणाखाली ओपन अँड रिपेअर असतं ते करून बघा. बॅटरी बदलल्यावर अर्थात.

आता बटणाबद्दल. पॉवरचं बटण एकदा हलकेच दाबणं आणि चार-पाच सेकंद दाबून धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हलकं दाबलं तर सेटिंगप्रमाणे लॅपटॉप झोपतो किंवा रीतसर बंद होतो, त्यात धोका नाही. दाबून धरलं तर वीजच तोडली जाते, वर सांगितलेलं आवरणं होत नाही. तो उपाय शेवटचा. हँग झाल्यासारखा वाटला की आधी दोन-तीन मिनिटं खरंच थांबा, कारण बऱ्याचदा तो कामात गढलेला असतो. मग कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबा. पर्यायांची यादी असलेला पडदा आला तर उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या चिन्हातून रीतसर बंद करता येतं, किंवा टास्क मॅनेजर उघडून अडलेला एकच प्रोग्रॅम बंद करता येतो. यातलं काहीच चाललं नाही तर बटण दाबून धरा, त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. महिन्यातून एखाद वेळी असं झालं तर चालतं. रोज करावं लागत असेल तर आत दुसरा बिघाड आहे.

झाकण लावावं की बंद करावं, तर वर्गावरून स्टाफरूमकडे जाताना झाकण पुरे. पिशवीत घालताना मात्र बंदच करायचा. नव्या लॅपटॉपपैकी बरेचसे झाकण लावल्यावर पूर्ण झोपत नाहीत, आतून नेट चालू ठेवतात, मेल घेतात, अपडेट ओढतात. पिशवीत हवा नसते, मग तासाभरानं काढावा तर तळ चटका बसण्याइतका तापलेला. शट डाउन म्हणा, पडदा काळा झाला तरी दिवा विझेपर्यंत आणि पंखा थांबेपर्यंत थांबा, आणि मगच चेन ओढा.

रोज बंद-चालू केल्यानं मशीन झिजतं हा समज मनातून काढून टाका. पण विंडोजचं एक गुपित माहीत असू द्या. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, लवकर सुरू व्हावं म्हणून शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि सकाळी तोच परत आणला जातो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली अप टाइम बघा. रोज रात्री बंद करूनही तिथे आठ-दहा दिवस दिसले तर त्याचा अर्थ हाच. त्यामुळे प्रिंटर सापडत नाही, नेट अडखळतं अशी दुखणी बंद-चालू करून जात नाहीत. रीस्टार्ट केलं की जातात, कारण रीस्टार्टमध्ये सगळं खरोखर नव्यानं सुरू होतं. आठवड्यातून एकदा, शनिवारी काम संपल्यावर, रीस्टार्ट करा आणि मग बंद करा.

बंद करताना अपडेट अँड शट डाउन असं दिसलं तर हातात वेळ आणि चार्जर दोन्ही असतील तरच ते निवडा. घाईत असाल तर नुसतं शट डाउन असेल ते घ्या. बायोसचं अपडेट आलं तर विशेष जपा. ते चालू असताना वीज तुटली तर लॅपटॉप पुन्हा सुरूच न होण्याची भीती असते. नवी बॅटरी बसेपर्यंत त्याला हात लावू नका.

राहिला शाळेचा कॉम्प्युटर. डेस्कटॉपला बॅटरी नसते, त्यामुळे मेन स्विच बंद झाला की तो दर संध्याकाळी मध्येच तुटतो. जुन्या मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क असेल तर तिला हे आणखी बाधतं. शिपाईमामांना दोष देऊ नका, त्यांना कुणी दाखवलेलंच नसणार. एकदा त्यांना खुर्चीवर बसवा, माउस त्यांच्या हातात द्या, स्टार्ट, मग पॉवरचं चिन्ह, मग शट डाउन, एवढं त्यांच्याकडून दोन-चार वेळा करून घ्या. डब्यावरचा दिवा विझला की मेन स्विच, हा क्रम मोठ्या मराठी अक्षरांत कागदावर लिहून स्विचबोर्डाशेजारी चिकटवा. मुख्याध्यापकांकडे छोट्या यूपीएसची मागणी टाका, सहाशे व्हीए क्षमतेचा एका मशीनला पुरतो. लेझर प्रिंटर मात्र त्यावर जोडू नका, तो सुरू होताना इतकी वीज ओढतो की यूपीएस बंद पडतो. लाइट गेली तर यूपीएसच्या शिट्टीवर काम करत बसायचं नाही, सेव्ह करून बंद करायचं. आणि वीज परत आली की पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची, येतानाचा दाब वर-खाली होतो तो स्थिरावल्यावर मशीन सुरू करायचं.